समासातली खूण

“तंबीला सांग, आता सायकल पुरे. पाय दुखतील त्याचे.” एवढंच वाक्य होतं, आणि ते वाचून माझा हात स्कॅनरच्या झाकणावर तसाच राहिला. झाकण अर्धवट उघडं, खालून उजेडाची पट्टी सरकतेय, आणि शेजारच्या टेबलावरची श्रिया विचारतेय, “काय रे, ऑल गुड?” मी म्हणालो, हो, ऑल गुड. बुधवार होता, दुपारची जेवणाची सुट्टी होती, ऑफिसचं स्कॅनर खासगी कामाला वापरल्याबद्दल इथे कुणी काही म्हणत नाही. वाक्य इंग्रजीत होतं, निळ्या शाईत, एका चहा कंपनीच्या खिशात मावणाऱ्या डायरीत, ११ जून १९९१ या तारखेखाली. तंबी एवढा एक शब्द तमिळ. तंबी म्हणजे धाकटा भाऊ, हे मला तवराजामुळे ठाऊक होतं. आणि तवराजा माझ्यापासून चार टेबलं पलीकडे, पाठमोरा, दहीभात खात बसला होता. सायकलची हाफ पँट अजून अंगावर, आणि तिच्याखाली त्याच्या त्या पोटऱ्या.

त्या पोटऱ्यांची चेष्टा ऑफिसात सगळेच करतात. तवराजा ऊन असो पाऊस असो, ऑकलंडमधल्या ॲव्हनडेलहून सायकलनंच येतो, आणि पावसाळी गटारांची डिझाइनं करणाऱ्या आमच्या टीममध्ये पावसात भिजून आलेला तोच एक इंजिनिअर असतो. तीन-चार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी निरोपाच्या पार्टीत त्यानं त्यामागची गोष्ट सांगितली होती. लहानपणी ते श्रीलंकेच्या उत्तरेला, चावकच्चेरीला राहायचे. सिंहली सरकार आणि तमिळ बंडखोर यांची यादवी चालू होती, वीज तोडलेली होती, आणि रेडिओचे सेल तर उत्तरेत न्यायलाच सरकारची बंदी. मग सायकल स्टँडवर उभी करायची, तिच्या डायनामोची वायर रेडिओला जोडायची, आणि घरातल्या सगळ्यांत लहान माणसानं पेडल मारत बसायचं. “मी थांबलो की बातम्या सांगणारी बाई वाक्यात मध्येच थांबायची,” तो म्हणाला होता, “हीप्स ऑफ पॉवर, मेट.” सगळे पोट धरून हसले. मीही हसलो, पण जरा बेतानंच, कारण तोवर माझं त्याच्याशी बिनसलेलं होतं. बिनसलंय हे त्याला माहीत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

डायऱ्या पियसेना अंकलच्या. आमच्या विहारातले ते सगळ्यांत जुने उपासक, वय एक्याऐंशी. विहार म्हणजे वेस्ट ऑकलंडमधला एक साधा बंगला, गॅरेजचा हॉल केलेला, दाराशी जॅंडल्सचा, म्हणजे रबरी चपलांचा, ढीग. भन्तेजी सिंहली, येणारे बहुतेक सिंहली, आणि त्यांच्यात आम्ही दोन-तीन मराठी घरं. रियाला, माझ्या मुलीला, पियसेना अंकलनीच परित्राणपाठ शिकवला, बांबूच्या काड्यांचे आणि पातळ रंगीत कागदाचे वैशाखाचे कंदील करायला शिकवले, परीक्षेच्या आधी तिच्या मनगटाला पांढरा धागा बांधला. तो झिजून काळा झाला तरी ती काढत नाही. त्या बुधवारच्या आधीच्या रविवारी अंकलनी मला बाजूला बोलावून बिस्किटांचा एक निळा पत्र्याचा डबा हातात दिला. ते आता मुलीकडे चालले होते, क्राइस्टचर्चला, रिकार्टनला. “पुता,” ते म्हणाले, सिंहलीत बाळाला, मुलाला पुता म्हणतात, “एवढं स्कॅन करून दे. इंग्लिशमध्येच आहे. वाचलंस तरी चालेल.” तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. स्कॅन करायला देणारा माणूस वाचू नकोस म्हणतो किंवा काहीच म्हणत नाही. वाचलंस तरी चालेल असं कोण म्हणतं? पण मी हो म्हणालो. त्या माणसाला आमच्या घरात कुणी नाही म्हणत नसे.

ते पोस्टात होते एवढंच आम्हाला माहीत होतं. पोस्टात म्हणजे मला वाटलं तिकिटं, मनीऑर्डरी. डायरीच्या पहिल्याच पानावर त्यांनी खुणांचा अर्थ लिहून ठेवला होता. बरोबरची खूण म्हणजे पत्र सोडलं. गोल म्हणजे ओळ खोडून सोडलं. लाल फुली म्हणजे वर, चौकशीला पाठवलं. ते पत्रं वाचायचे. उत्तरेला जाणारी आणि उत्तरेहून येणारी तमिळ माणसांची पत्रं, दिवसाला शंभर-सव्वाशे, कारण लहानपण तमिळ शेजारात गेल्यामुळे ती भाषा वाचू शकणारे ते ऑफिसातले एकटेच सिंहली होते. आणि दिवसभर वाचलेल्यातली एखाद-दुसरी ओळ ते संध्याकाळी या डायरीत इंग्रजीत उतरवून ठेवायचे. नावं नाहीत, फक्त गाव आणि नातं. ‘बायको नवऱ्याला: विहिरीचं पाणी खारट झालंय, चहा पिववत नाही.’ सोडलं. ‘बाप मुलीला: तुझी शेळी फणसाखाली बांधतो, तिथे विमानाचा आवाज कमी येतो.’ विमानाचा उल्लेख खोडला, शेळी सोडली. ‘आजी नातवाला: इकडे येऊ नकोस.’ त्यापुढे स्वतःचं एक वाक्य, ‘आज डोळ्यांत पाणी आलं. सोडलं.’ मी वाचत गेलो आणि मला लाज वाटली नाही, हे नंतर लक्षात आलं. दुसऱ्याची पत्रं वाचायची सवय किती पटकन लागते!

आणि मग ११ जून. ‘कोलंबो, एक लॉज. मुलगा आईला, चावकच्चेरी. अम्मा, अप्पांच्या रेडिओसाठी चार सेल मिळालेत. तिकडे येणारं कुणी भेटलं की पाठवतो. तंबीला सांग, आता सायकल पुरे. पाय दुखतील त्याचे. त्यापेक्षा गणितं सोडव म्हणावं. हस्ताक्षर सुंदर.’ डाव्या समासात लाल फुली. पेन्सिलीनं इतकी दाबून मारलेली की पानाच्या मागच्या बाजूला बोटाला लागते. पुढचे तीन दिवस कोरे.

त्या गावात सायकल मारणारी पोरं शंभर असतील, हे मी स्वतःला त्याच दुपारी सांगितलं. तवराजाच्या टेबलावर एका तरुण माणसाचा फोटो आहे, दाट केस, शर्टाची वरची गुंडी उघडी. त्या फोटोला हार नाही, गंध नाही, म्हणून मी सात वर्षं धरून चाललो होतो की हा भाऊ कॅनडात-बिनडात असेल. विचारलं मात्र कधी नाही. का विचारलं नाही, याचं उत्तर मला नीट माहीत आहे आणि ते मला शोभणारं नाही. सात वर्षांपूर्वी, मी या ऑफिसात नवा असताना, मी तवराजाला वैशाख पौर्णिमेचं आमंत्रण दिलं होतं. विहारात या, जेवण आहे, माझी बायको नंदा खीर करणार आहे. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, आणि म्हणाला, “थँक्स, मेट. पण त्या जागी नको.” एवढंच. त्या जागी! मला त्या शब्दांचा अर्थ दुसऱ्यानं सांगावा लागत नाही. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली ती ‘त्या जागी नको’ हे ऐकून ऐकून कान किटले म्हणूनच. पुण्यात कॉलेजात असताना मित्राच्या घरी पाण्याचा पेला वेगळा आला होता, तोही काचेचा, छान, नक्षीचा. इथे आल्यावर पहिल्या वर्षी मराठी मंडळींच्या गणपतीला गेलो तर शशिकांत नावाचे एक गृहस्थ प्रसादाची वाटी हातात देता देता विचारते झाले, “तुम्ही म्हणजे नेमके कुठले?” मी पुणे म्हणालो. “नाही, ते झालंच. पण मूळचे?” नंदानं वाटी तशीच खाली ठेवली होती. मग विहार सापडला. तिथे कुणी काही विचारलं नाही. तिथे आम्ही बौद्ध, ते बौद्ध, प्रश्न मिटला. तेव्हा हा तवराजा, कपाळावर विभूती लावून ऑफिसात येणारा, हा बौद्धांच्या जेवणाला त्या जागी नको म्हणतो म्हणजे काय, हे मी एका क्षणात ठरवून टाकलं. आणि मग सात वर्षं पुरावे गोळा केले. माझ्या डब्यातलं त्यानं एकदा घेतलं नाही, तो शुक्रवार होता, शुक्रवारी तो उपवास करतो हे कळूनही मी ते जमेस धरलं. माझ्या कपातून कधी प्यायला नाही. कोण कुणाच्या कपातून पितं? पण माणूस एकदा बघायला लागला की त्याला सगळं दिसतं. या संशयानं मला आयुष्यात बरेचदा वाचवलंय, म्हणून मी त्याला घरातल्या माणसासारखा पोसत आलो.

आणि आता ही डायरी सांगत होती की त्या जागी म्हणजे कोणत्या जागी. जिथे फुली मारणारा हात मुलांच्या मनगटाला धागे बांधत होता, त्या जागी. मला खूप राग आला. अंकलचा आला, तवराजाचा आला, की बाबा रे, तेव्हाच का नाही तोंड उघडलंस, आणि माझा तर असा आला की संध्याकाळी घरी जाताना मी वळण चुकलो. मी ते पान प्रिंट केलं. सकाळी देऊ. सकाळी वाटलं, खात्री नाही, उगाच जखमेवरची खपली काढायची. दुसऱ्या दिवशी वाटलं, द्यायचंच तर फुलीशिवाय द्यावं. पत्र भावाचं, फुली कशाला हवी त्याला? मी ड्रॉइंगं कापायच्या कटरनं डावी कड कापली. पट्टी कचऱ्यात टाकली, परत काढली, खिशात ठेवली. कागद आणि ती डायरी पिशवीतून ऑफिसात जायची आणि परत यायची. तवराजा समोरून “मॉर्निंग, नागसेन” म्हणायचा आणि मला वाटायचं, याला कळलंय. मग वाटायचं, अंकलनी हे मलाच का दिलं? एवढे सिंहली पोरगे आहेत, कॉम्प्युटरवाले आहेत, मीच का? की मी बाहेरचा, माझ्याकडून फुटलं तरी कुणी विश्वास ठेवणार नाही? की फुटावंच म्हणून?

नंदाला मी दहा-बारा दिवसांनी सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि रियाचे पोहायचे टॉग्ज झटकून दोरीवर टाकले. “देऊन टाक,” ती म्हणाली. मग जरा वेळानं, “पण दिलंस की आपण पुढच्या रविवारी कुठे जायचं ते पण सांग. शशिकांतकडे?”

“असं कसं म्हणतेस? तो माणूस भाऊ शोधत असेल.”

“मग बारा दिवस काय करतोयस तू?” तिनं विचारलं. मला राग आला, कारण तिचं बरोबर होतं. रिया दारात उभी होती. तिला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र इंग्रजीत. “डॅड, डिड अंकल डू समथिंग बॅड?” मी म्हणालो, अजून माहीत नाही. तिनं मनगटावरचा धागा दुसऱ्या हातानं झाकला. मला ती लहान असल्यासारखी वाटली, आणि ती लहानच आहे, पंधराची.

अठराव्या दिवशी, रविवारी, दानाचं जेवण झाल्यावर मी अंकलना मागच्या अंगणात गाठलं. ते कंदिलांच्या जुन्या काड्या वेगळ्या करत बसले होते, सरळ एका बाजूला, वाकलेल्या एका बाजूला. मी उभ्या उभ्याच विचारलं, “अकरा जूनची फुली का मारलीत?”

त्यांनी कोणता अकरा जून असं विचारलं नाही. “सेल बंदीत होते,” ते म्हणाले.

“चार सेल!”

“चार असोत, चाळीस असोत. यादीत होते.” काडी त्यांनी वाकवून पाहिली आणि बाजूला ठेवली. “त्याच्या आधीच्या आठवड्यात मी एक पत्र सोडलं होतं, पुता. त्यातही असंच काहीतरी होतं, घड्याळाबद्दल. दोन दिवसांनी बस उडाली. माझ्या मावसभावाची मुलगी होती त्यात. त्या पत्राचा आणि बसचा संबंध नसेल. बहुतेक नव्हताच. पण त्यानंतर मी सोडत नव्हतो.”

“आणि त्या मुलाचं काय झालं?”

“वर काय होतं ते खाली सांगत नसत.”

“तुम्ही विचारलं नाहीत?”

“तीन दिवस कामावर गेलो नाही,” ते म्हणाले. “मग गेलो.” त्यांचे हात थरथरत होते, पण ते नेहमीच थरथरतात, आणि त्या क्षणीसुद्धा मी हिशोब करत होतो की हे आजचं थरथरणं जास्त आहे की नेहमीचंच. “रियाच्या वाढदिवसाला तू सांगितलंस ना, तुझ्या ऑफिसात चावकच्चेरीचा एक जण आहे, सायकलचा. सगळे हसले. मी पण हसलो.” मला आठवलं. मी नक्कल करून सांगितलं होतं, बातम्यांची बाई वाक्यात मध्येच कशी थांबते ते. अंकल त्यानंतर केक न खाता गेले होते आणि आम्ही म्हटलं होतं, साखर वाढली असेल. “मला स्वतः जाणं झालं नाही. मी भित्रा माणूस आहे. तू दे. माझं नाव सांग, रिकार्टनचा पत्ता सांग, त्याला यायचं असेल तर येऊ दे.” मग ते वर बघून म्हणाले, “अजून दिलं नाहीस?” मी काड्यांच्या ढिगाकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली आणि काड्या निवडायला लागले. मला त्यांना हलवून विचारायचं होतं, की ज्या धर्मात माझे आजोबा माणूस म्हणून उभं राहायला आले, त्या धर्माचा धागा तुम्ही कोणत्या हातानं बांधत होतात. विचारलं नाही. त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून पुन्हा राग आला, आणि मी जॅंडल्सच्या ढिगातून माझे शोधून निघालो.

सोमवारी सकाळी मी लवकर जाऊन तळमजल्यावर सायकली लावायच्या जागी उभा राहिलो. तवराजा उतारावरून आला, ब्रेक लावला, हेल्मेट काढलं. “कमिटीची मीटिंग आहे की काय इथे?” तो म्हणाला. मी कागद त्याच्या हातात दिला. काय सांगायचं ते मी पाठ करून आलो होतो: नाव, पत्ता, ते भेटायला तयार आहेत, आणि हेही, की सात वर्षं मी तुझ्याबद्दल एक भलतंच धरून चाललो होतो, माफ कर. त्यातलं काही बोलायच्या आतच तो वाचायला लागला होता. इंग्रजीतलंच होतं, पण वाचताना त्याचे ओठ वेगळं काहीतरी बोलत होते. तो ते परत तमिळमध्ये नेत असावा. दोनदा वाचलं. मग सायकलच्या सीटवर हात टेकला.

“हे आम्हाला मिळालं नाही,” तो म्हणाला.

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

“आमचा मोठा. दयापरन. त्या जूनमध्ये लॉजमधून नेलं त्याला. कुणी नेलं, कुठे नेलं, काही नाही. अम्मा जाईपर्यंत फोटोला हार घालू दिला नाही तिनं.” त्यानं कागदावरून बोट फिरवलं. “अप्पा म्हणायचे, रेडिओवर पकडलेल्यांची नावं सांगतील. रोज संध्याकाळी. मी पंच्याण्णवपर्यंत पेडल मारलं, नागसेन, आम्ही गाव सोडलं त्या दिवसापर्यंत. त्याची बातमी येईल म्हणून. आणि हा म्हणतोय पुरे.” तो हसला असं मला वाटलं, पण ते हसणं नव्हतं. मग त्याचा अंगठा डाव्या कडेशी जाऊन थांबला. छापलेल्या तारखेचा पहिला आकडा अर्धा कापला गेला होता. गटारांची ड्रॉइंगं बघणारा माणूस, त्याला कापलेली कड दिसणारच. “इथे काय होतं?”

खिशातली पट्टी द्यायची माझी हिंमत झाली नाही. मी पिशवीतून डायरीच काढली, ते पान उघडलं आणि त्याला दिली. तो फुलीकडे बघत राहिला. पान उलटून मागून बोट लावून पाहिलं, जसं मी पाहिलं होतं. आता तो विचारेल, कोण हा माणूस, आणि मी सांगेन. नाव माझ्या जिभेवर होतं. त्यानं ते विचारलं नाही. डायरीच्या पुढच्या, मागच्या पानांवर नजर टाकली, मग माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ती नजर मला चांगली ओळखीची होती. मी सात वर्षं त्याच्याकडे तशीच बघत आलो होतो.

“हे तुझ्याकडे कधीपासून आहे?” त्यानं विचारलं.

“एकोणीस दिवस,” मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. कागद डायरीत ठेवला, डायरी पाठीवरच्या सॅकमध्ये टाकली, चेन ओढली. तो आत्ताच ऑफिसात पोचला होता, तरी त्यानं हेल्मेट परत डोक्यावर चढवलं, सायकल वळवली आणि पेडल मारत चढावरून बाहेर निघून गेला.